बंदुकीची नळी लांब असली की गोळी जास्त जोरात जाते का? गेममधलं बॅरल आणि खरं बॅरल

कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल खेळणाऱ्यांना गनस्मिथ माहीतच असेल. तिथे रायफलला लांब बॅरल लावलं की रेंजची पट्टी पुढे सरकते आणि नेम धरायचा वेग थोडा कमी होतो. छोटं बॅरल लावलं की उलटं. बीजीएमआयवाल्यांचा लाडका कार९८के तर लांबून हेडशॉट मारायलाच घ्यायचा असतो. पण त्या नावातला शेवटचा ‘के’ म्हणजे जर्मन भाषेतला ‘कुर्त्स’, म्हणजेच ‘आखूड’! त्याच्या आधीच्या गेवेर ९८ रायफलची नळी ७४० मिलिमीटरची होती, ती कापून ६०० मिलिमीटरवर आणली आणि हा ‘के’ जन्माला आला. म्हणजे गेममधली आपली लांब पल्ल्याची बंदूक मुळात आखूड केलेली बंदूक आहे.

मग खरं काय? नळीच्या लांबीने नेमकं काय बदलतं? हा विषय नुसता गेमपुरता नाही. वर्धा जिल्ह्यात बोरचं जंगल आहे, वाघ आहेत, रात्री तुरीत-चण्यात घुसणारी रानडुकरं आहेत, आणि ‘वाघाला बेशुद्ध का करत नाही? गोळी का घालत नाही?’ असले मेसेज दर दोन वर्षांनी व्हॉट्सॲपवर फिरतात. त्या प्रश्नांची अर्धी उत्तरं बंदुकीच्या नळीत आहेत. चला, आत डोकावून बघू. अर्थात फक्त डोक्याने, डोळ्याने नाही!

एका फ्रेममध्ये संपणारी गोष्ट

आधी काडतूस समजून घ्या. पितळी कवच, तळाशी छोटी टोपी, मध्ये दारू, वर गोळी. (वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे इथे ‘दारू’ लिहिलं की लोक दचकतात. ही दारू वेगळी. हिला इंग्रजीत प्रोपेलंट म्हणतात. आपल्या शेजारच्या भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अशी प्रोपेलंट बनतात, आणि बंदुकीची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला.)

ट्रिगर दाबला की पिन टोपीवर आदळते, ठिणगी पडते आणि दारू पेटते. ती बॉम्बसारखी एकदम फुटत नाही, फार भराभर जळते. जळून गॅस होतो, गॅसला जागा हवी असते, आणि जागा मिळण्याचा एकच रस्ता असतो: गोळीला पुढे ढकलणं. .३०-०६ सारख्या शिकारी रायफलमध्ये हा दाब कमाल ६०,००० पीएसआयच्या आसपास जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असते. आता तुलना तुम्हीच करा.

हा दाब शिखरावर पोचतो तेव्हा गोळी जेमतेम दोन-तीन इंच सरकलेली असते. तिथून पुढे गोष्ट उताराला लागते. गोळी जसजशी पुढे जाते तसतशी तिच्या मागची जागा वाढते, गॅस पसरतो, दाब पडतो. पण पडला तरी तो ढकलत राहतोच, म्हणून गोळीचा वेग नळीच्या तोंडापर्यंत वाढत जातो. एकदा का गोळी तोंडातून बाहेर पडली, की ढकलणारं कुणी उरत नाही. तिथून पुढे वेग फक्त कमीच होणार.

हे सगळं किती वेळात? साधारण एक मिलिसेकंदात. तुमच्या फोनची स्क्रीन १२० हर्ट्झची असेल तर एक फ्रेम ८.३ मिलिसेकंद टिकते. म्हणजे एक फ्रेम बदलेपर्यंत सात-आठ गोळ्या नळीचं टोक गाठतील. काही फोनमध्ये ९६० फ्रेमचा सुपर स्लो मोशन मोड असतो ना, त्यातही गोळीचा नळीतला पूर्ण प्रवास एका फ्रेममध्ये संपतो.

बंद पडलेली गाडी आणि दमणारा मित्र

इथे एक देशी उदाहरण देतो. बाईक बंद पडली आहे, तुम्ही सीटवर आणि मित्र मागून धक्का देतोय. पहिल्या दहा पावलांत गाडी शून्यावरून चांगली पळायला लागते. पुढच्या दहा पावलांत वेग वाढतो, पण तेवढा नाही. त्यानंतरच्या दहा पावलांत मित्राचा जीव निघतो आणि वेग जरासाच वाढतो. दोन कारणं आहेत. एक, मित्र दमतो (गॅसचा दाब पडतो). दुसरं, गाडी आता पळतेय, त्यामुळे ती दहा पावलं पटकन संपतात, ढकलायला वेळच कमी मिळतो. मित्र अजिबात दमला नाही असं धरलं तरीही अंतर दुप्पट केल्यावर वेग दुप्पट होत नाही, १.४ पट होतो. आणि गॅस तर दमतोच.

म्हणून नळी निम्मी केली तर वेग निम्मा होईल हा आपला अंदाज चुकतो. सगळ्यात स्वच्छ उदाहरण रशियन बंदुकांचं आहे, कारण तिथे काडतूस तेच, नळी मात्र निम्मी. एके-७४ ची नळी ४१५ मिलिमीटर आणि गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर. तिचीच छोटी बहीण एकेएस-७४यू, नळी २०६.५ मिलिमीटर, वेग ७३५ मीटर. नळी अर्धी झाली, वेग १८ टक्क्यांच्या आसपास घटला. अठरा टक्के म्हणजे काही विशेष नाही असं वाटेल, पण गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. शाळेतलं अर्धा एम व्ही स्क्वेअर आठवा. ०.८२ चा वर्ग केला की ०.६७ येतं. म्हणजे एक तृतीयांश ऊर्जा गेली.

ही फारच टोकाची कापाकापी झाली. शिकारी रायफलमध्ये वाद असतो तो २४ इंच घ्यावी की २२ की २० यावर. .३०-०६ चं १८० ग्रेनचं, म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅमची गोळी असलेलं काडतूस २४ इंची नळीतून सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास सुटतं. प्रत्येक इंच कमी केल्यावर साधारण सहा ते आठ मीटरचा वेग जातो. चार इंच कापले तर ७९५ वगैरे उरतो. ऊर्जा सात टक्क्यांच्या आसपास घटते.

आता हे मैदानात किती जाणवेल ते काढू. दोन्ही रायफली १०० मीटरवर बरोबर नेम लागेल अशा बसवल्या आणि २०० मीटरवर झाडल्या. मी कागदावर हिशोब केला (हवेचा अडथळा ढोबळ धरून): लांब नळीची गोळी नेमाच्या सुमारे २० सेंटिमीटर खाली जाते, आखूड नळीची सुमारे साडेएकवीस. फरक दीड सेंटिमीटरचा! माणसाच्या श्वासाने, हाताच्या थरथरीने, वाऱ्याने यापेक्षा मोठा फरक पडतो. यावर फोरमवर लोक रात्र रात्र भांडतात.

सगळ्या काडतुसांना एकच माप नाही

काडतूस किती मोठं आणि नळीचं भोक किती, यावर बरंच अवलंबून आहे. मॅग्नम काडतुसात दारू भरपूर आणि हळू जळणारी असते. तिला नळी आखूड दिली तर बरीचशी दारू तोंडाबाहेर आगीचा गोळा बनून जळते. आवाज प्रचंड, उजेड प्रचंड, उपयोग शून्य. बीजीएमआयमधला एडब्ल्यूएम ज्या खऱ्या रायफलवरून घेतलाय, तिला २६-२७ इंची नळी देतात ती उगाच नाही.

याच्या उलट टोकाला .२२ ची छोटी गोळी, कॉलेजच्या एनसीसीत जी झाडायला मिळते ती. तिच्यात दारू चिमूटभर. साधारण १६ इंचांत गॅसचा सगळा जोर संपतो. त्यापुढे नळी लांब केली तर गोळीला ढकलणारं कुणी नाही, उलट नळीच्या भिंतीचं घर्षण मागे ओढतं. फार लांब केली तर वेग चक्क थोडा कमी होतो. म्हणजे ‘लांब तेवढी जोरदार’ हा नियम इथे उलटा फिरतो.

आणि मग आपली भरमार बंदूक. पेपरात गडचिरोलीच्या बातम्यांत हा शब्द येतो. तोंडातून दारू ठासायची, मग छर्रे, मग चिंधी. हिची नळी माणसाच्या छातीपर्यंत येईल इतकी लांब असते. का? जुन्या काळ्या दारूत निम्म्याहून जास्त भाग गॅस बनतच नाही, त्याची राख आणि काजळी होते (म्हणून तो ढगासारखा पांढरा धूर). दाब कमी, म्हणून ढकलत राहायला लांब रस्ता हवा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिनधुराची दारू आली, दाब कित्येक पट वाढला, आणि त्यानंतर जगभर नळ्या आखूड व्हायला लागल्या.

हा बदल आपण डोळ्यांनी पाहिलेल्या एका रायफलीत दिसतो. थ्री-नॉट-थ्री! २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसएमटी स्थानकावर (तेव्हाचं सीएसटी) एके रायफलींसमोर आपले पोलीस हीच घेऊन उभे होते. ब्रिटिशांची मूळ ली-एनफिल्ड ३०.२ इंची नळीची होती. घोडदळाला वेगळी आणि पायदळाला वेगळी अशी दोन मापं ठेवण्यापेक्षा दोघांना एकच द्यावी म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती २५.२ इंचांवर आणली. जुन्या नेमबाजांनी तेव्हा जाम ओरड केली की आता रायफलचा सत्यानाश झाला. त्याच रायफलीने दोन महायुद्धं काढली आणि ती बंगालच्या इशापूर कारखान्यात वर्षानुवर्षं बनली. पुढे १९४४ मध्ये जंगलातल्या लढाईसाठी नळी आणखी छाटून १८.८ इंच केली, तिला ‘जंगल कार्बाइन’ म्हणतात. ती मात्र खांदा बडवायची. रायफल हलकी झाली पण काडतूस तेच, त्यामुळे धक्का वाढला. तोंडाशी येणारा जाळ लपवायला पुढे शंकूसारखी टोपी बसवावी लागली. शिवाय नेम जागेवर राहत नाही अशी तक्रार राहिलीच.

‘लांब नळी म्हणजे पक्का नेम’? नाही.

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज, आणि गेमने तो आणखी पक्का केलाय. त्यामुळे इथे जरा थांबू.

स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवा. थोडी बाहेर काढून टोकाला टिचकी मारा: टर्रर्र, बारीक थरथर. जास्त बाहेर काढून मारा: धप-धप-धप, मोठी हालचाल. बंदुकीची नळी गोळी सुटताना अशीच थरथरते. लांब आणि बारीक नळी जास्त डुलते, आखूड आणि जाड नळी ताठ राहते. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी: ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घातावर कमी होतो. म्हणजे त्याच जाडीची नळी आखूड केली तर ती उलट जास्त सातत्याने मारू शकते.

मग लांब नळीला नेमबाज का मानत होते? कारण तेव्हा दुर्बीण नव्हती. मागे एक खाच, पुढे तोंडाशी एक काटा, दोन्ही एका रेषेत आणायचे. दोघांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढी डोळ्याची चूक कमी. लांब नळीवर काटा लांब, म्हणून नेम चांगला. वर दुर्बीण बसवली की हा फायदा संपला. बाकी नेम ठरतो तो नळी किती सरळ आणि एकसारखी कोरली आहे, आतले आटे (गोळीला भोवऱ्यासारखी फिरवणाऱ्या त्या वळणदार खाचा) किती नीट आहेत, तोंडाची कड किती अचूक आहे यावर. तोंडाच्या कडेला एक बारीक टवका उडाला तरी गॅस एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला कोपरखळी बसते. आरीने नळी कापणारे ‘जुगाडू’ लोक नेमकी हीच कड बिघडवतात. कापून बंदूक ‘पॉवरफुल’ होते असं सिनेमात दाखवतात. प्रत्यक्षात वेग कमी होतो, नेम जातो, आवाज कानठळ्या बसवतो, आणि वर गुन्हा दाखल होतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हाच वेगळा गुन्हा आहे, बंदूक स्वतःची असली तरी.

आवाजाचंही सांगून टाकतो. नळी आखूड झाली की गॅस जास्त दाबाने बाहेर पडतो, आणि तो तुमच्या तोंडाच्या जवळही असतो. रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातोच, आणि एवढा आवाज एकदा जरी उघड्या कानावर पडला तरी कायमचं नुकसान होऊ शकतं. जुन्या शिकाऱ्यांना म्हातारपणी कमी ऐकू यायचं, यात काही नवल नाही.

बोरच्या झुडपात काय उपयोगाचं?

वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होतं. इथलं जंगल सातपुड्याच्या पायथ्याचं: साग, तेंदू, बांबू, मधे नाले, लँटानाची दाट झुडपं. पन्नास पावलांच्या पुढचं दिसलं तरी नशीब. मचाणावर बसून मारायचं तर अंतर आणखी कमी. अशा ठिकाणी ३० इंची नळी म्हणजे नुसता त्रास. वळताना फांदीत अडकते, आणि टोकाचं वजन जास्त असल्याने एकदम फिरवता येत नाही. गेममध्ये ‘नेम धरायचा वेग कमी’ अशी पट्टी दाखवतात, ती बाब अगदी खरी आहे.

म्हणून ब्रिटिशांच्या काळात वाघामागे जाणारे श्रीमंत शिकारी दुनळी रायफल घ्यायचे. त्यात एक खुबी होती. बोल्टवाल्या रायफलीत नळीच्या मागे बोल्ट मागे-पुढे सरकायला तीन-चार इंच जागा लागते. दुनळी मधोमध मोडून उघडते, तिला ती जागा लागत नाही. म्हणजे २६ इंची नळीची दुनळी आणि २२ इंची नळीची बोल्ट रायफल, दोघींची एकूण लांबी जवळपास सारखी! वेगही मिळाला आणि आटोपशीरपणाही. किंमत मात्र राजेरजवाड्यांना परवडेल अशीच.

हे सगळं आता इतिहासजमा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि वाघाच्या शिकारीचा शौक कायद्याने संपला. बोर अभयारण्य त्याच्याही आधीचं, १९७० चं. २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा क्षेत्र साधारण १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यात छोट्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. छोटं जंगल, भोवती शेती, आणि वाघ काही सातबारा बघून फिरत नाही.

आज रायफल जंगलात जाते ती कायद्यातल्या कलम ११ खाली. वाघ माणसाच्या जिवावर उठला आहे आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही, अशी खात्री झाली तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. रानडुकरासारख्या पिकं खाणाऱ्या प्राण्यांसाठीही त्याच कलमाखाली परवानगी लागते. ‘माझं शेत, माझी बंदूक’ असं चालत नाही.

मग बेशुद्ध का करत नाहीत?

जुलै २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले करणारी एक तरुण वाघीण डार्ट मारून पकडली, तिला रेडिओ कॉलर लावली आणि वर्ध्याच्या बोरमध्ये सोडली. ती तिथे टिकली नाही. बाहेर पडली, शेकडो किलोमीटर फिरली, वर्धा जिल्ह्याच्या गावांत आणखी माणसं तिच्या तावडीत सापडली. गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. पथकं मागावर होती. तेव्हा ‘गळ्यात जीपीएस आहे, मग एक डार्ट मारायला काय होतं?’ हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता.

उत्तर पुन्हा नळीत आहे. डार्ट गन बंदुकीसारखी दिसते, पण तिचं काम अगदी उलट. रायफलला जास्तीत जास्त वेग हवा असतो. डार्टला बेताचा वेग हवा, कारण ती गोळी नाही, उडणारं इंजेक्शन आहे. जोरात लागलं तर सुई हाडापर्यंत जाईल, आतलं मांस फाटेल, प्राणी मरेल. हळू लागलं तर कातडीत घुसणारच नाही. म्हणून तिच्यात बहुतेक वेळा दारूऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू असतो आणि अंतराप्रमाणे दाब कमी-जास्त करता येतो.

आता नळीचं गणित लावा. समजा डार्ट १० ग्रॅमची, ११ मिलिमीटर जाडीची, आणि तिला सेकंदाला ७० मीटर वेग द्यायचा आहे. नळी ७० सेंटिमीटर असेल तर सरासरी पावणेचार बार दाब पुरतो. टायरच्या दुपटीपेक्षा कमी. तोच वेग २५ सेंटिमीटरच्या नळीत द्यायचा तर दाब जवळपास तिप्पट लागेल आणि काचेसारख्या नाजूक डार्टला तेवढाच मोठा झटका बसेल. म्हणजे डार्ट गनला लांब नळी लागते ती जोरासाठी नाही, हळुवारपणासाठी! मला या विषयातली ही सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते.

पण ७० मीटर वेगाची किंमतही आहे. ४० मीटरवर पोचायला डार्टला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ती दीड मीटरहून जास्त खाली येते, वाऱ्याने वाहते, आणि वाघीण एक पाऊल पुढे गेली तर जागाच चुकते. म्हणून डार्ट साधारण २० ते ४० मीटरवरून मारतात, आणि तीही दिवसा, प्राणी स्थिर असताना, मांसल भागावर. पशुवैद्यकाने वजनाचा अंदाज घेऊन औषधाचा डोस आधीच भरलेला असतो. लागल्यावर लगेच सिनेमासारखी झोप येत नाही, औषध चढायला काही मिनिटं जातात. त्या मिनिटांत वाघ कुठेही पळू शकतो: विहिरीकडे, नाल्यात, किंवा तुमच्याकडे. त्यामुळे डार्टवाल्याच्या शेजारी रायफलवाला उभा असतो. त्या अंतरावर रायफलची नळी २० इंची आहे की २६, याने गोळीच्या जोरात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. पटकन फिरवता येते की नाही, याने पडतो.

त्या वाघिणीवर शेवटी ना डार्ट चालली, ना गोळी. ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्याच एका शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून ती मेली. तार तिच्यासाठी नव्हती, रानडुकरांसाठी लावली होती. अशा तारांनी विदर्भात वाघही मरतात आणि रात्री जागलीला निघालेले कास्तकारही.

जाता जाता, एअरगन घेणाऱ्यांसाठी

हा लेख वाचून बरेच जण शॉपिंग साइटवर एअरगन शोधणार, मला ठाऊक आहे. तिथे ‘लॉंग बॅरल, १००० एफपीएस, हाय पॉवर’ असं लिहिलेलं असतं. स्प्रिंगवाल्या एअरगनमध्ये हवेचा झटका नळीच्या पहिल्या सहा ते दहा इंचांतच संपतो. पुढची नळी मुख्यतः तरफ म्हणून असते, म्हणजे मोडून स्प्रिंग दाबताना हाताला सोपं जावं. आधीच हवा भरून ठेवणाऱ्या पीसीपी प्रकारात मात्र लांब नळीने खरंच वेग वाढतो, कारण तिथे हवा जास्त वेळ ढकलत राहते.

आणि त्या १००० एफपीएसचा हिशोब करून बघा. म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर. ०.५२ ग्रॅमचा नेहमीचा छर्रा धरला तर ऊर्जा २४ ज्यूल येते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ पेक्षा मोठं भोक किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असली की परवाना लागतो. २० ज्यूलच्या आत राहायचं तर हा छर्रा २७७ मीटरच्या वर जाता कामा नये. तेव्हा एकतर कंपनीने तो आकडा फार हलका छर्रा वापरून काढलाय, किंवा बिनपरवाना म्हणून विकली जाणारी ती वस्तू परवान्याची आहे. विकणाऱ्याला एकच विचारा: किती ग्रॅमच्या छर्ऱ्यावर मोजलं? आणि ती एअरगन तितरावर किंवा मोरावर रोखली, तर वर सांगितलेला १९७२ चा कायदा तिथेही लागू होतो, नळी कितीही इंची असो.